मुंबईचा कापडबाजार : शिक्का आणि पारख



कापडाचा इतिहास आपल्याकडे दोन ठिकाणी उभे राहून सांगितला जातो. एक गिरणीच्या दारात आणि दुसरे सभेच्या व्यासपीठावर. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापूसगिरणीची कंपनी काढली, येथून एक कथा सुरू होते. विलायती कापडाच्या होळीपासून दुसरी सुरू होते. दोन्ही खऱ्या आहेत. परंतु गिरणीतून निघालेले ठाण आणि होळीत पडलेले उपरणे यांच्या मध्ये एक जागा येते, तिच्याकडे इतिहासकारांनी फारसे पाहिलेले नाही. ती म्हणजे दुकानाची गादी. तेथे पांढऱ्या चादरीवर ठाण उलगडले जाते, गिऱ्हाईक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कापड धरून चोळून पाहते, भाव ऐकते, उठल्यासारखे करते आणि पुन्हा बसते. आज मी बोलणार आहे ते या गादीपुढे बसणाऱ्या माणसाविषयी. माझे म्हणणे असे की, आपल्या शहरांत सामान्य माणसाला स्वतःच्या शक्तीची पहिली जाणीव जर कोठे झाली असेल, तर ती कापड घेताना झाली. आणि ती जाणीव होण्यापूर्वी त्याला बराच काळ फसावे लागले.

प्रथम जागा पाहू. महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे १८६९ साली पुरी झालेले क्रॉफर्ड मार्केट, तेथून मुंबादेवीकडे निघाले की उजव्याडाव्या बाजूंच्या गल्ल्यांत जो गजबजाट लागतो, तो मुंबईचा जुना कापडबाजार. शेख मेमन स्ट्रीटवर जुम्मा मशिदीच्या आसपास एका अंगाला मंगळदास मार्केट, पुढे मूळजी जेठा मार्केट, जवळच झवेरी बाजार, पलीकडे काळबादेवी आणि भुलेश्वर. हा बाजार कोटाबाहेर का वसला, याचे एक कारण १८०३ सालची आग. कोटात लागलेल्या त्या आगीत देशी व्यापाऱ्यांची वस्ती मोठ्या प्रमाणात जळाली आणि नंतर ती उत्तरेकडे पसरत गेली. बंदर जवळ, देवी जवळ, सराफ जवळ. व्यापाऱ्याला याहून अधिक काय लागते?

मूळजी जेठा हे नाव खानदेशातील श्रोत्यांना परके वाटणार नाही. जळगावचे महाविद्यालय त्याच नावाने ओळखले जाते, आणि जळगावची पहिली कापडगिरणी याच पेढीने उभारली. म्हणजे ज्या पेढीचा कापूस खानदेशात, तिचाच बाजार मुंबईत. मंगळदास मार्केट ज्यांच्या नावाने आहे ते सर मंगळदास नथुभाई एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या सार्वजनिक जीवनातले मोठे नाव. अशा पेढ्यांच्या मालकीच्या या बाजारांत शेकडो गाळे, आणि प्रत्येक गाळ्यात एक गादी, एक मुनीम, एक तिजोरी. बाहेरगावचा व्यापारी येथे एकटा येत नसे. तो आपल्या अडत्याकडे उतरे, त्याच्याकडेच जेवे, आणि अडत्याचा दलाल त्याला गाळ्यागाळ्यांतून फिरवी. पैसा हुंडीने, माल उधारीवर, हिशेब दिवाळीला. खंडाळ्याच्या घाटातून रेल्वे १८६३ साली वर चढली आणि मग या गाद्यांवरची गाठ सोलापूर-नगरच्या पेठेत काही दिवसांतच जाऊन पडू लागली. त्यापूर्वी तीच गाठ बैलांच्या पाठीवर जात असे.

गाठीत काय असे? आपल्या विणकराचे लुगडे, गुळेदगुड्डचा खण, पैठणी हे सारे होतेच. ते नाहीसे झाले असे समजणे चूक आहे. पण वारावर विकले जाणारे साधे कापड, धोतरजोडी, मलमल, मांजरपाट, छिटे, हे दिवसेंदिवस लँकेशायरचे होत गेले. पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी हिंदुस्थानात बाहेरून आलेले कापड सुमारे ३०० कोटी वार होते. आकडा एवढा मोठा की त्याचा अर्थ मनात उतरत नाही. त्या वेळच्या लोकसंख्येने भागले तर माणशी नऊ-दहा वार पडतात. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकामागे एक लुगडे जहाजातून उतरत होते.

आता हे कापड गिऱ्हाईक ओळखे कसे? प्रत्येक ठाणावर रंगीत चित्राचे एक लेबल चिकटवलेले असे. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी हिंदी गिऱ्हाइकासाठी कृष्ण, गणपती, लक्ष्मी, हत्ती, वाघ अशी चित्रे मोठ्या हौसेने छापून घेतली होती. वाचता न येणारा माणूस चित्राची खूण सांगून कापड मागे. चित्र इतके सुरेख की ते सोडवून देवघरात लावावे! पण देवाचे चित्र वर असले म्हणून खालचे सूत देवासारखे सरळ असेलच, अशी खात्री नव्हती.

या ठिकाणी खळीची गोष्ट सांगितली पाहिजे. विणताना ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. आपला कोष्टीही लावतो. त्यात गैर काही नाही. परंतु अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापूस महागला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी कापूस वाचविण्यासाठी खळीत पांढऱ्या चिनी मातीची भर घालण्यास सुरुवात केली. युद्ध संपले, कापूस स्वस्त झाला, तरी ती सवय सुटली नाही. हिंदुस्थान आणि चीन यांच्याकडे जाणाऱ्या कापडात तर वजनासाठी खळ भरणे हा एक धंदाच होऊन बसला. दुकानात ठाण हातात घ्यावे तर जड, भरदार, चकचकीत. आणि पहिल्या धुण्यात नदीवर मातीचे पांढरे पाणी वाहून जाई व मागे उरे ती चाळण. शिवाय अशा खळीला ओल लागली की बुरशी धरी. गाठ फोडली की ठाणावर काळे-हिरवे डाग. मँचेस्टर आणि मुंबई यांच्यातील व्यापाऱ्यांत यावरून कज्जे चालत. गिऱ्हाईक मात्र कोणाकडे कज्जा नेणार?

त्याने आपल्या बोटांकडे नेला. कापड चोळून पीठ झडते का पाहणे, उजेडाकडे धरून उभे-आडवे धागे किती दाट आहेत ते बघणे, कोपरा जिभेने ओला करून खळ विरघळते का हे अजमावणे, टोकाचा एक धागा ओढून त्याचे बळ पाहणे, दुकानदाराला कातरीऐवजी हाताने फाडून द्यायला सांगणे, म्हणजे फाड सरळ जाते का ते कळते. ही विद्या कोणी शाळेत शिकवली नाही. आजीने नातीला आणि बापाने मुलाला दुकानाच्या पायरीवर दिली. पोत आणि पन्हा हे दोन शब्द आज आपण सहज वापरतो. पोत म्हणजे विणीचा गुण, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. पण प्रत्येक फसवणुकीमागे एक नवा प्रश्न गिऱ्हाईक शिकत गेले आणि त्या प्रश्नांतून हे शब्द घरोघर रुळले, असे मला वाटते.

दुसरी फसवणूक मापाची. ठाणावर लिहिलेले चाळीस वार उलगडल्यावर साडेअडतीस भरत. सरकारने १८८९ साली व्यापारी चिन्हांचा कायदा केला आणि त्यात असे कलम घातले की, प्रत्येक ठाणावर त्याची लांबी वारांत, अंकांनी ठसठशीत छापलेली असली पाहिजे. इंग्रज सरकारच्या कायद्यांविषयी आपले मत काहीही असो, हे कलम उपयोगाचे होते. ठाणाच्या कडेला पडलेला तो शिक्का म्हणजे विकणाऱ्याने घेणाऱ्याला दिलेला पहिला लेखी शब्द होय. लांबीपुरता का होईना, तो दिला गेला. पोताविषयी मात्र कोणी शिक्का मारला नाही. तो प्रश्न गिऱ्हाइकाच्या बोटांवरच राहिला.

वसंतातील अशा व्याख्यानांची प्रथा पुण्यात १८७५ साली ज्यांनी पाडली, त्या न्यायमूर्ती रानड्यांनी त्याआधी दोनतीन वर्षे पुण्यातच व्यापार या विषयावर व्याख्याने दिली होती. देशातला पैसा कापडाच्या वाटेने कसा बाहेर जातो, हे त्यांनी शांतपणे मांडले. ऐकणाऱ्यांत गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्यावर त्याचा जो परिणाम झाला तो प्रसिद्धच आहे. स्वतः कातलेल्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून ते १८७७ च्या दिल्ली दरबाराला गेले. रेशीम आणि जर यांच्या त्या गर्दीत हा एक पांढरा अंगरखा! मला नेहमी वाटते की, रानडे यांनी अर्थशास्त्र सांगितले आणि काकांनी त्याचे गिऱ्हाईक होऊन दाखवले. यातले दुसरे काम अधिक अवघड.

कारण राज्याचे धोरण उलट दिशेने चालले होते. विलायती कापडावरील आयात जकात १८८२ साली उठवली गेली. पैशाची ओढ लागली तेव्हा ती पुन्हा बसवावी लागली. पण लँकेशायरची तक्रार नको म्हणून १८९६ साली आयात कापडावर साडेतीन टक्के आणि येथल्या गिरणीच्या कापडावरही तितकीच, साडेतीन टक्के, पट्टी बसवली. हिंदी कापडावरची ही पट्टी १९२५ च्या डिसेंबरात तहकूब झाली आणि पुढल्या वर्षी रद्द झाली. जवळजवळ तीस वर्षे आपल्याच देशात विणलेल्या गिरणीच्या कापडाला हा कर द्यावा लागला. गादीपुढे बसलेल्या माणसाला हे आकडे ठाऊक नसत. पण देशी धोतर आणि विलायती धोतर यांच्या किमतीतले अंतर त्याला बरोबर ठाऊक असे.

पुढे वंगभंगाची चळवळ आली. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. मुंबईत १९०६ साली स्वदेशी मालाचे सहकारी भांडार निघाले. टिळकांचा त्यास पाठिंबा होता. लोक देशी कापड मागू लागले आणि मुंबईच्या गिरणीवाल्यांनी काय केले? भाव वाढवले. टिळकांना मालकांची विनवणी करावी लागली की, लोकांच्या भावनेवर नफा घेऊ नका. ही हकीकत आपण सहसा सांगत नाही, कारण ती आपल्याच माणसांची आहे. परंतु गिऱ्हाइकाच्या इतिहासात तिला जागा आहे. खळीची फसवणूक परक्याने केली होती, ही आपल्याने केली. आणि घेणाऱ्याला दोन्ही वेळा तितकेच दाम मोजावे लागले.

३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची मोठी होळी झाली, हे सर्वांस माहीत आहे. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे वर्ष १९३०. या वर्षी चळवळ होळीच्या मैदानातून उठून थेट गादीपुढे आली. देशसेविका संघाच्या बायका केशरी साड्या नेसून कापडबाजारात दुकानांपुढे उभ्या राहिल्या. हंसाबेन मेहता यांच्यासारख्या सुशिक्षित घरांतील स्त्रिया त्यांत होत्या. त्या गिऱ्हाइकाला हात जोडून सांगत, हे घेऊ नका. तोपर्यंत मध्यमवर्गीय घरांतून कापड आणावयाचे काम बहुधा पुरुषांचे असे, किंवा बोचके पाठीवर घेऊन खणवाला, लुगडेवाला दारात येई आणि बायका उंबऱ्याच्या आत बसून पसंत करीत. कष्टकरी स्त्री बाजारात पूर्वीपासून जातच होती, तिची गोष्ट वेगळी. पण पांढरपेशा घरातली स्त्री शेख मेमन स्ट्रीटच्या गर्दीत तासन्‌तास उभी राहिली ती प्रथम काही विकत घेण्यासाठी नव्हे, न घेण्याविषयी सांगण्यासाठी, असा माझा तर्क आहे. एकदा रस्ता ओळखीचा झाल्यावर ती पुढे गिऱ्हाईक म्हणूनही आली.

देशातील अनेक शहरांत व्यापाऱ्यांनी परदेशी कापडाच्या गाठी बांधून त्यांवर काँग्रेसची मोहोर मारून घेतली. मूळजी जेठा मार्केट हरताळांनी वरचेवर बंद पडे. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर, भांगवाडीजवळ, परदेशी कापड घेऊन निघालेल्या मोटार ट्रकपुढे बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा तरुण आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. बाबू गेनू गिरणी कामगार होता. कापड विणण्याच्या धंद्यात राबणारा माणूस कापडाच्या गाठींखाली, कापडबाजाराच्या तोंडाशी मेला. त्याविषयी अधिक शब्द वापरण्याची गरज नाही.

ब्रिटिश कापडाची आयात त्या एका वर्षात निम्म्याहून खाली आली. तिचे सारे श्रेय निरोधनाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. जागतिक मंदी होती, शेतमालाचे भाव कोसळले होते, खेड्यातल्या माणसाच्या हाती पैसाच नव्हता. जपानी कापडही स्वस्त भावाने आत शिरत होते. तथापि मंदीने सारीच खरेदी घटते. ब्रिटिश कापडाची इतरांहून अधिक घटली, यात बाजारपेठेत उभ्या राहिलेल्यांचा वाटा होता.

आणि येथेही शिक्क्याने दगा दिला. लोक खादी मागू लागताच गिरण्या जाड सुताचे कापड विणून ते खादी म्हणून विकू लागल्या. हा प्रकार इतका माजला की १९३४ साली ‘खद्दर’ या नावाच्या रक्षणासाठी वेगळा कायदा झाला: हाताने कातलेल्या सुताचे, हाताने विणलेले, हिंदुस्थानात तयार झालेले कापडच त्या नावाने विकता येईल. चळवळीचे चिन्ह बनलेल्या कापडाचे नाव राखायला अखेर त्याच सरकारचा कायदा लागावा, हा काळाचा विनोद म्हणावयाचा.

आता जरा बारीकसारीक मालाकडे वळू. कारण कापड घेऊन खरेदी संपत नाही. जुनी चोळी खणाची. खण फाडला, शिवला, पुढे गाठ मारली, काम झाले. तिला बटण लागत नसे. पोलके आणि झंपर आले तेव्हा आकडे, बटणे, अस्तर, फीत, लेस, रंगाला रंग मिळणारा दोरा हे सारे लागू लागले. शिवणयंत्रही तोवर आले होते. सिंगर यंत्राची मुंबईतील एजन्सी नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होती. हप्त्याने यंत्र विकण्याची पद्धत आली आणि शिंप्याच्या दुकानातले यंत्र हळूहळू घरात शिरले. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण शिकवून कित्येक एकट्या पडलेल्या स्त्रियांच्या हाती पोटाचे साधन दिले. अशा बाईला बाजारात जाणे भागच होते. तिला वारभर मांजरपाट जितका महत्त्वाचा, तितकेच दोऱ्याचे रीळ.

म्हणून कापडबाजाराच्या कडेकडेने दुसरा बाजार वाढला. अब्दुल रहमान स्ट्रीट, भुलेश्वर, पुण्यात बोहरी आळी. कटलरीची दुकाने आपण म्हणतो, त्यांत सुरीकाटा क्वचितच सापडतो. सापडतात टाचण्या, टिकल्या, कलाबतू, काचमणी, गोंडे, सुया. या मालातही परदेशाचा वाटा मोठा होता. काचमणी बोहेमिया आणि व्हेनिस येथून येत. स्वदेशीचे व्रत घेतलेल्या चोळीवर परदेशी बटण टाचलेले असे, आणि त्याकडे निरोधन करणाऱ्यांचेही लक्ष जात नसे! दाग गाठणारा पटवेकरी, जर ओढणारा कारागीर, रंगारी हे मात्र याच गल्ल्यांत टिकून राहिले, कारण त्यांचे काम डोळ्यांदेखत करून घ्यावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने जून १९४३ मध्ये कापड आणि सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढला. आता ठाणाच्या कडेवर लांबीबरोबर किंमतही छापून येऊ लागली. शिक्क्याचा हा सर्वांत मोठा विजय असावयास हवा होता. घडले ते असे की, शिक्क्याचा भाव ठाणावर राहिला आणि कापड मागच्या दाराने दुसऱ्या भावाने गेले. कंट्रोलच्या कापडाच्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांच्या घरांतून तो शब्द अजून गेलेला नाही. जानेवारी १९४८ मध्ये नियंत्रण उठवले, भाव भडकले, त्याच वर्षी ते पुन्हा बसवावे लागले.

त्यानंतर या बाजाराभोवतीचे जग बदलले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पूर्ववत झाले नाही. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. बाजार मात्र राहिला. माल आता भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथील यंत्रमागांवरून येतो. घाऊक व्यवहारही बराचसा भिवंडीकडे सरकला. मंगळदास मार्केटच्या अरुंद गल्ल्यांत मात्र वारावर कापड घेणाऱ्यांची दाटी तशीच आहे. अंगठा आणि तर्जनी यांचे कामही चालू आहे, फक्त प्रश्न बदलला. पूर्वी विचारीत, खळ किती? आता विचारतात, सुती किती आणि पॉलिएस्टर किती? शंका आली तर धागा काढून काडी लावतात. सुताची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो. कृत्रिम धाग्याचा वितळून कडक मणी होतो.

वार मात्र कायद्याने गेला. वजनमापांचा १९५६ चा कायदा झाल्यावर साठीच्या दशकाच्या आरंभी बाजारात मीटर आला, आणि ठाणावरचा शिक्का बदलला. पोलक्याचे कापड ऐंशी सेंटिमीटर म्हणून मागतात. तेच कापड घेऊन शिंप्याकडे गेले की तो गळ्यातली फीत काढून इंचांत माप घेतो, आणि साडी कितीही मीटर भरली तरी ती सहावारी किंवा नऊवारीच असते.